पौर्णिमेची संध्याकाळ: ऋतूप्रमाणे एक पदार्थ आणि अंगाची थोडी निगा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका भगिनींनी मला विचारले आहे, की महिन्यातली निदान एक संध्याकाळ स्वतःच्या शरीरासाठी राखून ठेवावी म्हणून त्यांनी पौर्णिमा ठरवली आहे. तर त्या दिवशी ऋतूप्रमाणे पचायला सोपे आणि जिवाला बरे वाटेल असे काय शिजवावे, अंगाला तेल, पायांना शेक, चांदण्यात बसणे यांपैकी केव्हा काय करावे, उपवास करावा का, आणि घरात सासू-सासरे व दोन मुले असताना हे सारे कसे जमवावे. मी गेली सव्वीस वर्षे सोलापुरात वैद्य म्हणून काम करते आणि त्याहून अधिक वर्षे याच गावात रोजचा स्वयंपाक करते, म्हणून दोन्ही अनुभवांच्या आधारे उत्तर लिहीत आहे.

पौर्णिमेची निवड मला मनापासून आवडली. साडेएकोणतीस दिवसांनी येणारा हा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत ठळक छापलेला असतो, तो विसरता येत नाही, आणि त्या दिवशी सूर्य मावळण्याच्या सुमारासच चंद्र उगवत असल्यामुळे कामावरून घरी येईपर्यंत तो डोळ्यांसमोर असतो. वर्षाला अशा 12 संध्याकाळी मिळतात. अधिक महिना आला की 13, जशा 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे मिळतात. मात्र एक अट मी आधीच घालते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रियांची पौर्णिमा पुरण, वडे, नैवेद्य, पाहुणे आणि रात्री अकराला घासलेली भांडी यांतच संपते, आणि दुसऱ्या दिवशी त्या कंबर धरून दवाखान्यात येतात. तुमच्या संध्याकाळी एकच पदार्थ असावा, अंगासाठी अर्धा तास असावा आणि नंतर बसून राहायला थोडा वेळ असावा. पदार्थ सगळ्यांनी मिळून खावा, पण त्यातले निदान एक काम दुसऱ्या कोणीतरी करावे, हे घरात आधीच सांगून ठेवावे. दूध ढवळायला बारा वर्षांचा मुलगाही पुरेसा असतो.

चंद्र तोच असला तरी ऋतू तोच नसतो, हे या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे. चरकसंहितेतील ऋतुचर्या काळजीपूर्वक वाचली तर चांदण्याचा सल्ला बाराही महिने दिलेला दिसत नाही. उन्हाळ्यात रात्री चांदण्याने गार झालेल्या गच्चीवर, वाऱ्यात, अंगाला चंदन लावून झोपावे असे तिथे सांगितले आहे. शरद ऋतूत चंद्रकिरणांची प्रशंसा आहे, पण ती प्रदोषकाळच्या, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहराच्या किरणांची. त्याच शरदात दव अंगावर घेऊ नये असेही बजावले आहे. हेमंतात तर ऊब, तेल आणि गोड-स्निग्ध अन्न यांवरच सारा भर आहे. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या कोरड्या जिल्ह्याला हा भेद फार चांगला लागू पडतो. आपला उन्हाळा कडक, आपली थंडी कोरडी आणि पहाटे बोचरी, आणि ऑक्टोबर दिवसा पोळणारा व रात्री दव पाडणारा असतो. त्यामुळे वैशाखात गच्चीवर, आश्विनात संध्याकाळपुरते अंगणात आणि पौषात चुलीजवळ, असे आपल्या पौर्णिमांचे साधे वेळापत्रक मी सांगते.

कोजागरी सर्वांना परिचित आहे, तरी तिच्याच दुधात सर्वाधिक चुका होतात. चार-पाच माणसांसाठी एक लिटर म्हशीचे दूध घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात आधी थोडे पाणी फिरवून ते ओतून द्यावे आणि बूड ओले असतानाच दूध घालावे, म्हणजे ते सहजी लागत नाही. माझ्या सासूबाई कल्हईच्या पितळी पातेल्यात दूध आटवीत आणि तळाशी एक छोटी वाटी उपडी टाकून ठेवीत. दूध उकळू लागले की ती वाटी खुटखुट वाजायची, आवाज मंदावला की त्या स्वयंपाकघरातून न उठता, बसल्या जागेवरून सांगत, “आता ढवळ गं, बुडाशी धरतंय.” आच मंद ठेवून दूध पाऊण लिटर होईपर्यंतच आटवावे. बासुंदी करण्याचा मोह टाळावा, कारण रात्री प्यायचे दूध दाट झाले की जड होते. साखर चार ते पाच चमचे आणि तीही शेवटी घालावी. गूळ उकळत्या दुधात घालू नये, दूध नासते.

मसाल्याची तयार पूड आणण्यापेक्षा पंधरा बदाम, दहा-बारा पिस्ते, एक चमचा चारोळी आणि पाच-सहा वेलदोडे घरीच जाडसर कुटावेत. चारोळी घालण्यापूर्वी तिचा एक दाणा चावून पाहावा, कारण ती लवकर खवट होते आणि एक खवट चमचा सगळे पातेले बिघडवतो. जायफळ किसणीवर दोनदाच ओढावे. झोप चांगली लागेल या समजुतीने ते चमचाभर घालणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्याने मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड पडते. केशराच्या दहा-बारा काड्या कोमट दुधात चेपून घातल्या तर रंग आणि वास दोन्ही उतरतात.

आता दूध चंद्राखाली ठेवण्याविषयी. दुधात चंद्राचे प्रतिबिंब पाहण्याची आपली पद्धत मला अतिशय प्रिय आहे आणि ती मी दरवर्षी पाळते, परंतु चांदण्याने दुधात औषधी गुण उतरतात असे मी रुग्णांना सांगत नाही. उलट कोमट दूध उघड्यावर तीन-चार तास राहिले तर ते आंबण्याची आणि पोट बिघडवण्याची शक्यता असते. पातेले शेगडीवर गरमच ठेवावे, वर मलमलचे फडके बांधावे, चंद्र वर आला की फडके बाजूला करून प्रतिबिंब पाहावे आणि दोन तासांच्या आत दूध संपवावे. सासू-सासऱ्यांपैकी कोणाला मधुमेह असेल तर बिनसाखरेचे अर्धा कप दूध आधीच वेगळे काढून ठेवावे. या रात्री अनेक ठिकाणी दम्याचे औषध खिरीतून देतात. श्रद्धेने खीर घ्यायची असेल तर घ्यावी, पण इनहेलर किंवा चालू गोळ्या एक दिवससुद्धा बंद करू नयेत, आणि दम्याच्या माणसाने गार हवेत, दवात रात्र जागवू नये. दर वर्षी कोजागरीनंतरच्या दोन दिवसांत असे एक-दोन रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत माझ्याकडे येतात, म्हणून हे इतके स्पष्ट लिहीत आहे.

सोलापूरकरांच्या कोजागरीला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे तुळजापूरची पायी वाट. सीमोल्लंघनानंतर निद्रा घेतलेली देवी आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, म्हणून शहरातून हजारो माणसे पंचेचाळीस किलोमीटर चालत जातात आणि त्यांत नोकरी-संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असते. तुम्ही किंवा घरातले कोणी जाणार असेल तर खरी निगा त्या पायांची करायची आहे. निघण्यापूर्वी टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांना खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा, सुती मोजे घालावेत, नवी चप्पल घालून चालू नये. परतल्यावर फोड आले असतील तर ते फोडू नयेत. पाय धुऊन कोरडे करावेत, आणि कातडी कुठे फाटलेली नसेल तरच टबात कोमट पाणी व मूठभर मीठ घालून दहा मिनिटे पाय बुडवून बसावे. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते; त्यांच्यासाठी पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या कोणीतरी कोपराने पाहावे, नाहीतर शेक देऊच नये. नंतर तळव्यांना गाईचे तूप लावून काशाच्या वाटीने हळूहळू घासावे. तूप काळपट होते, ते पाहून उष्णता बाहेर पडली असे लोक म्हणतात. तो रंग काशाच्या धातूचा असतो, परंतु घासण्याने थकलेल्या तळव्यांना जो आराम मिळतो तो खरा असतो आणि झोपही लवकर लागते.

थंडीतल्या पौर्णिमा मला सगळ्यांत श्रीमंत वाटतात. मार्गशीर्षात दत्तजयंती, पौषात शाकंभरी पौर्णिमा. तुळजापूरला शाकंभरी नवरात्र याच दिवशी पूर्ण होते आणि देवीला भाज्यांचा नैवेद्य असतो. त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी येळ अमावस्या झालेली असते, शेतात जाऊन भज्जी, म्हणजे दाणे आणि भाज्यांची बेसन लावलेली पातळ भाजी, खाल्लेली असते, आणि त्याच भाज्या अजून बाजारात कोवळ्या मिळत असतात. म्हणून शाकंभरीच्या संध्याकाळी घरीच लहान पातेल्यात भज्जी करावी, असे मी सुचवते. ओल्या तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणे, पावटे आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे थोडे मीठ घालून मऊ शिजवावेत. गाजराचे तुकडे, मेथी आणि कांद्याची पात नंतर घालावी, म्हणजे त्यांचा रंग राहतो. एका वाडग्यात तीन चमचे बेसन, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि पाणी यांचे गुठळीविरहित पातळ कालवण करून ते उकळत्या भाज्यांत ओतावे आणि बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत हलवत राहावे. शेवटी करडईच्या तेलात भरपूर ठेचलेला लसूण, जिरे आणि हिरवी मिरची तडतडवून फोडणी वरून द्यावी. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी भज्जी पातळ असावी. सोबत बाजरीची भाकरी, लोणी आणि कुटताना तेल सुटलेली शेंगाची चटणी. या एका वाडग्यात द्विदल धान्य, पालेभाजी, स्निग्धता असे सगळे येते, त्यामुळे दुसरी भाजी किंवा आमटी करण्याची गरज पडत नाही. माझ्या मते नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी याहून सोयीचे थंडीतले जेवण नाही. दाणे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून सोलून ठेवावेत.

हुरड्याचा हंगामही हाच. शेतावर आगटीतली, म्हणजे शेकोटीच्या खड्ड्यात भाजलेली, गरम कणसे हातावर चोळून खाण्याचे सुख शहरात मिळत नाही, तरी संध्याकाळी सुटा हुरडा विकायला येतो. तो लोखंडी तव्यावर थोड्या तेलात गरम करून खावा. पोटभर मात्र खाऊ नये, तो फुगतो. वर ताक घ्यावे. गोड हवेच असेल तर खपली गव्हाची हुग्गी करावी, गूळ, सुंठ, बडीशेप आणि किसलेले खोबरे घालून. अक्कलकोटकडच्या गावांत ती कारहुणवीला म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला बैलांच्या सणासाठी करतात, पण तिचे जडपण थंडीतल्या भुकेलाच अधिक झेपते.

थंडीतली अंगाची निगा म्हणजे अभ्यंग. दोन मोठे चमचे तिळाचे तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी. तेल थेट आचेवर तापवू नये. सांध्यांवर गोलाकार आणि हातापायांच्या लांब हाडांवर लांबट हात फिरवावा, पोटावर अगदी हलका. पंधरा मिनिटे पुरतात. मग हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने जास्तीचे तेल काढून गरम पाण्याने आंघोळ करावी. हे दिवस मावळण्यापूर्वी उरकावे आणि डोक्यावरून पाणी घेऊ नये, कारण जानेवारीच्या संध्याकाळी ओले केस घेऊन वावरले की हुडहुडी भरते. तळव्यांना तेल आंघोळीनंतर, झोपताना लावावे. न्हाणीघरात तेलकट पायांनी घसरून मनगट मोडलेल्या दोन स्त्रिया मी गेल्याच वर्षी पाहिल्या आहेत. ताप असेल, अजीर्ण झाले असेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल तर अभ्यंग करू नये. आपल्या कोरड्या हवेत रोज उटणे लावण्याचीही गरज नाही; ते दुधात कालवून महिन्यातून एकदा पुरे.

थंडीतल्या पौर्णिमांचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे तेव्हा तो खिडकीतून दिसत नाही. पाच मिनिटे बाहेर जाऊन, शाल पांघरून पाहावा आणि आत यावे. वैशाख-ज्येष्ठात उलट घडते. तेव्हाचा पूर्ण चंद्र दक्षिणेकडे झुकलेला राहतो, आणि गच्चीवर आडवे पडून मान न ताणता तो कितीतरी वेळ दिसत राहतो.

वैशाखी पौर्णिमा मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना येते. जुन्या सोलापुरात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपण्याची रीत होती, आणि तुमच्याकडे गच्ची असेल तर या रात्री ती पुन्हा पाळावी असे मी आग्रहाने सांगेन. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गच्ची धुण्याचा सल्ला मी देणार नाही. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी सहाच्या सुमारास शिंपडले तरी तासाभरात फरशी बसण्यासारखी होते. त्यावर सतरंजी आणि तिच्यावर सुती सोलापुरी चादर अंथरावी. आंघोळीला मोठी बादली नको. दोन तांबे पाण्यात वाळ्याची पुरचुंडी दुपारपासून भिजत ठेवावी आणि ओला टॉवेल पिळून मान, काखा, कोपरांची आतली बाजू व पाय पुसून घ्यावेत. या जागी रक्तवाहिन्या कातडीजवळ असल्यामुळे अंग लवकर निवते. सहाणेवर उगाळलेले खरे चंदन कपाळाला लावावे. सुगंधी तयार लेपाने पुरळ येणारे बरेच असतात.

या रात्री चूल शक्य तितकी कमी पेटवावी, म्हणून मी ज्वारीची आंबील सांगते. तीन चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात सकाळी कालवून ठेवावे. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत ते हलके आंबते. तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडावे आणि आठ-दहा मिनिटे सतत ढवळत शिजवावे. पूर्ण निवल्यावर आणखी एक वाटी ताक, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लसणाची एक ठेचलेली पाकळी घालून माठाशेजारी गार जागी ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवल्यास ती घट्ट होते आणि चव मरते. सोबत कडक भाकरीचा तुकडा आणि कांदा असला की जेवण झाले. मुलांना ती आवडत नसेल तर त्यांना कैरीचे पन्हे द्यावे, आंबिलीची सक्ती करू नये. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाला ताप भरला, तो गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर आंबील आणि चंदन बाजूला ठेवून त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पावसाळ्यातील पौर्णिमांना चंद्र बहुधा ढगांतच असतो आणि पचनही मंद असते, म्हणून तेव्हा फारसे काही करू नये. श्रावणी पौर्णिमेला, जिला आपल्या शहराच्या पूर्व भागातला तेलुगू विणकर समाज नूल पौर्णिमा म्हणतो, मार्कंडेयाचा रथ निघतो, राख्या असतात, नारळीभात असतो. दिवस आधीच भरलेला असतो. रात्री सुंठ आणि तूप घातलेली पातळ मुगाची खिचडी खाऊन लवकर झोपावे.

उपवासाविषयी विचारले आहे. वटपौर्णिमेचा उपवास श्रद्धेचा असेल तर करावा, आरोग्यासाठी म्हणून प्रत्येक पौर्णिमेला करण्याची आवश्यकता नाही. दिवसभर रिकाम्या पोटी चहा आणि संध्याकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, ही पद्धत पोटाला सगळ्यांत वाईट. त्याऐवजी दुपारी वरई आणि दाण्याची आमटी, हंगाम असेल तेव्हा एक डाळिंब, संध्याकाळी दूध. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी उपाशी राहू नये.

पौर्णिमेच्या सुमारास झोप कमी होते, असे अनेक जणी सांगतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अर्जेंटिनातील तोबा समाजाची माणसे आणि अमेरिकेतील सिॲटलचे विद्यार्थी पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असे आढळले होते, त्यामुळे हा अनुभव निव्वळ मनाचा खेळ म्हणून मी उडवून लावत नाही. त्या तीन-चार रात्री चहा चारनंतर बंद करावा, मोबाईल उशाशी ठेवू नये आणि तळव्यांना तूप चोळावे. तरीही महिनोन्महिने झोप येत नसेल तर तो पौर्णिमेचा प्रश्न राहत नाही, तपासणी करून घ्यावी.

घरच्यांच्या बाबतीत माझा सल्ला थोडा व्यवहारी आहे. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. तेलाची वाटी कोमट केल्यावर पहिला हात त्यांच्या गुडघ्यांना लावा. दुसऱ्या महिन्यापासून “आज पुनव आहे, लवकर ये” असा निरोप त्याच देतील, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. दुधाचे पातेले मात्र रात्रीच पाण्याने भरून ठेवायला लावा. बुडाशी धरलेली खरवड मुले आधी खरवडून खातील, आणि ज्याने सर्वांत जास्त खाल्ली त्याने सकाळी ते घासावे, असे पहिल्याच पौर्णिमेला ठरवून टाका.